"आमच्याकडे तशी सोय नाही" म्हणण्याआधी

पुणे शहरातल्या शाळांचे मुख्याध्यापक आणि संस्थाचालक यांस,

स. न. वि. वि.

सिंहगड रस्त्याच्या आतल्या एका गल्लीत माझं हार्डवेअरचं दुकान आहे. नळ, पाईप, कड्या-कोयंडे, खिळे, रंग, सगळा माल. लिहायची सवय म्हणाल तर बिलाच्या मागे उधारीची आठवण लिहिण्यापुरती. तेव्हा काही कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या. दिवाळी झाली की तुमच्या फाटकांवर प्रवेशाचे फलक लागतील. त्याआधी हे तुमच्या वाचनात यावं म्हणून घाई केली आहे.

मला दोन मुलं. थोरला सहावीत, धाकटी दुसरीत. धाकटीचं नाव इथे लिहीत नाही, उद्या मोठी होऊन हे वाचेल आणि "मला न विचारता छापलंत कसं?" म्हणून भांडेल. भांडण्यात ती आईवर गेली आहे. तिसाव्या आठवड्यात जन्मली, चाळीस दिवस काचेच्या पेटीत होती. दीड वर्षाची झाली तरी टाच टेकेना, तेव्हा डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सी हा शब्द सांगितला. जन्माच्या आसपास मेंदूला इजा झाली. ती इजा वाढत नाही, पण जातही नाही. तिच्या बाबतीत फटका मुख्यतः पायांना बसला. स्नायू ताठ, गुडघे एकमेकांकडे ओढलेले, चालताना पायांची कात्री होते. पायात स्प्लिंट, हातात वॉकर. बोलणं जरा सावकाश. बाकी डोकं खणखणीत. संध्याकाळी काउंटरवर बसून वॉशर मोजते, दहा-दहाचे ढीग लावते, आणि मी गिऱ्हाइकाला चुकून एखादा जास्त दिला तर त्याच्यासमोरच सांगते.

तिच्या पहिलीच्या प्रवेशासाठी आम्ही अकरा शाळा पाहिल्या. नऊ ठिकाणी एकच वाक्य ऐकलं: "आमच्याकडे तशी सोय नाही." शब्द तेच, चालही तीच, जणू सगळ्यांना एकाच परिपत्रकातून आलं आहे. मला या वाक्याबद्दलच बोलायचं आहे. कारण त्या नऊ ठिकाणी एकानेही "तशी" म्हणजे कशी, हे विचारलं नव्हतं.

दुकानात कोणी येऊन म्हणालं, "नळ गळतोय," तर मी आधी विचारतो, कुठला नळ, अर्धा इंची की पाऊण, गळतो कुठून. ते न विचारता "आमच्याकडे तसला माल नाही" म्हणायला लागलो तर महिन्याभरात शटर ओढावं लागेल. तुमची गोष्ट वेगळी, तुमच्याकडे रांग असते.

पहिली शाळा थोरल्याचीच. बहीण-भाऊ एका शाळेत, एका रिक्षात, याहून सोपं काय? मुख्याध्यापिका बाई भल्या आहेत, हे मी आजही म्हणेन. चहा मागवला, धाकटीला चॉकलेट दिलं. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, तेव्हाच मी काय ते समजलो.

"हिच्याच भल्यासाठी सांगते हो. आमच्याकडे तशी सोय नाही. पहिलीचे वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहेत."

"वर्ग खाली आणता येईल का, मॅडम?"

"एका मुलीसाठी?"

धाकटी चॉकलेटचा कागद सोडवत होती. तिला वेळ लागतो, पण ती कोणाला सोडवू देत नाही. मी तिला कडेवर घेतलं, हिच्या आईने वॉकर घेतला. आम्ही गाडीपाशी पोचलो तेव्हा तो कागद सुटला.

थोरल्याची शाळा सुटायला अर्धा तास होता, म्हणून मी परत आत गेलो आणि तळमजल्यावरचं शिक्षकांचं स्वच्छतागृह वापरलं. टेप माझ्या खिशात कायम असते. दार बत्तीस इंच. तिचा वॉकर साडेबावीस. उंबरा नाही. आत कमोड. भिंत विटेची, फरशी खडबडीत. म्हणजे सगळं होतं. नव्हता तो दीड फुटी स्टीलचा एक ग्रॅब बार, जो धरून तिला उठता-बसता येईल. माझ्याकडे तो साडेसहाशेला मिळतो. अँकर फास्टनर आणि प्लंबरची तासाभराची मजुरी धरली तरी काम दोन हजारांच्या आत. तेवढ्यावरून माझी दोन मुलं आज दोन शाळांत जातात आणि मी सकाळी दोन फाटकांवर उभा राहतो.

तुम्ही पालकांना शाळा दाखवता तेव्हा स्मार्ट बोर्ड दाखवता, रोबोटिक्सची खोली दाखवता, एका ठिकाणी तर घोडा दाखवला. मी म्हणायचो, "मुलांचा संडास बघू." माणसं कावरीबावरी व्हायची. पण आमच्यासारख्यांसाठी शाळा तिथूनच सुरू होते. आत जायला चार इंचांची पायरी असते, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. फरशी गुळगुळीत आणि कायम ओली. दार आत उघडणारं, म्हणजे मूल आत पडलं तर दाराला तेच अडसर होतं आणि बाहेरून ढकलता येत नाही. भांडं भारतीय पद्धतीचं. ज्याचे गुडघे वाकत नाहीत त्याने करायचं काय? मग मुलं काय करतात ते सांगतो. पाणी पीत नाहीत. सकाळी सातला घोटभर, नंतर दुपारी घरी येऊन तांब्याभर. फिजिओथेरपीच्या बाकावर वाट बघत बसलेल्या चार आयांशी बोला, चौघी हेच सांगतील. पुढे लघवीचा त्रास, बद्धकोष्ठ, औषधं. आणि शाळेच्या अहवालात शेरा: लक्ष लागत नाही.

उताराचंही तेच. मान्यतेच्या तपासणीसाठी बरेच जण रॅम्प करतात. हिशेब साधा आहे, एक फूट चढायचं तर बारा फूट लांबी हवी. सहा इंची चार पायऱ्या असतील तर चोवीस फूट. मी पाहिलेला एक रॅम्प दोन फूट उंचीला आठ फूट लांब होता. त्यापेक्षा पर्वतीच्या पायऱ्या परवडल्या. दुसरा मापात होता, पण त्याच्या तोंडाशी शिक्षकांच्या स्कूटर लावलेल्या. तिसऱ्या शाळेत चक्क लिफ्ट होती आणि तिला कुलूप. किल्ली ट्रस्टींच्या ड्रायव्हरकडे.

आता कायद्याचं. ते मला एका गिऱ्हाइकाने समजावलं. वकील आहेत, त्यांचं बिल थकलंय, त्यांच्याही आणि माझ्याही वहीत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६चा. जुन्या १९९५च्या कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व होतं, नव्यात एकवीस. त्याचं कलम १६ म्हणतं की सरकारने मान्यता दिलेल्या किंवा अनुदान दिलेल्या शाळांत या मुलांना भेदभाव न करता प्रवेश मिळावा, इमारत त्यांना वापरता यावी, आणि प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी कराव्यात. वाचताना मी "प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे" याखाली पेनने रेघ मारली. म्हणजे प्रत्येक सोय आधीपासून तयार असलीच पाहिजे असं नाही. मूल आल्यावर ती करायची असते. तुमचं वाक्य नेमकं उलटं आहे: सोय नाही म्हणून मूल नाही. आणि मूल नाही म्हणून सोय कधीच होत नाही.

शिक्षण हक्क कायदा, म्हणजे आरटीई, २००९चा. त्याच्या कलम १३प्रमाणे प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायची नाही. लावली तर पहिल्यांदा पंचवीस हजारांपर्यंत दंड, पुढे प्रत्येक वेळी पन्नास हजारांपर्यंत. अकरापैकी सात ठिकाणी धाकटीला "जरा गप्पा मारू या" म्हणून आत नेलं होतं. तिने एका बाईंना विचारलं, "तुम्ही सगळ्यांशी गप्पा मारता का?" यावर मी काही लिहीत नाही.

"तुमच्यासाठी आरटीईचा कोटा आहे ना, तिथून या," असं चार शाळांनी सांगितलं. पंचवीस टक्क्यांच्या त्या जागांत दिव्यांग मुलं बसतात हे खरं आहे. २०१२च्या दुरुस्तीने त्यांना वंचित गटात धरलं, आणि आपल्याकडे त्यांना उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. चाळीस टक्के किंवा त्यावरच्या अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. आम्ही अर्ज भरला होता. सोडत निघाली, नंबर लागला नाही. सोडत म्हटल्यावर तसं व्हायचंच. पण कोटा हे एक दार आहे. उरलेल्या पंचाहत्तर टक्क्यांत, पूर्ण फी भरून, शेजारच्या मुलासारखा अर्ज करायला आम्हाला कोणत्या कायद्याने मनाई केली आहे? ते दार तुम्ही मनातल्या मनात बंद करून घेतलं आहे.

प्रमाणपत्रावरून आठवलं. सरकारी दवाखान्यात जाऊन, रांगा लावून, कागद मिळाला. बावन्न टक्के. तेव्हापासून जो भेटेल तो विचारतो, "किती टक्के?" पुण्यात टक्के विचारायची सवय जुनी, एवढंच की इथे कमी पडले तर पेढे. एका शाळेत कारकुनाने फॉर्मवर मोठ्या अक्षरात ५२% लिहिलं आणि गोल केला. त्या आकड्यातून तिला काय येतं आणि काय लागतं यातलं काहीही कळत नाही. बावन्न टक्क्यांचं दुसरं मूल हाताने अधू असेल आणि जिने धडाधड चढत असेल. आणि "दिव्यांग" हा शब्द, माफ करा, माझ्या जिभेवर अजून बसलेला नाही. दिव्य काही नसतं. रात्री पोटऱ्यांत गोळे येतात आणि ती रडते.

"मग स्पेशल स्कूल का नाही?" हे नातेवाईकांनी विचारलं, तुम्हीही विचारलंत. त्या शाळांबद्दल मला आदर आहे. कोरेगाव पार्कातली अंधशाळा १९३४पासून चालते, गोखलेनगरची कामायनी १९६४पासून. या शहराने ही कामं फार आधी सुरू केली, आणि काही मुलांना तिथेच खरं शिकता येतं, साध्या वर्गात ती नुसती बसून राहतील. माझा वाद तिथे नाहीच. कायदासुद्धा सहा ते अठरा वयाच्या मुलाला जवळची शाळा किंवा पसंतीची विशेष शाळा, दोन्हींची मुभा देतो. ती पसंती मुलाच्या बाजूने करायची आहे, तुमच्या सोयीने नाही. आम्ही एका विशेष शाळेत गेलो होतो. तिथल्या ताई तासभर तिच्याबरोबर जमिनीवर बसल्या, ठोकळे लावले, गोष्ट ऐकली. शेवटी म्हणाल्या, "दादा, हिला साध्या शाळेत घाला. इथली जागा ज्याला दुसरीकडे जाताच येत नाही अशा मुलाला लागते." म्हणजे साध्या शाळा म्हणतात तिकडे न्या, तिकडचे म्हणतात इकडे न्या. मधल्या रस्त्यावर आम्ही, डिक्कीत वॉकर.

दहाव्या शाळेने "हो" म्हटलं होतं, हेही सांगायला हवं. अट अशी, की शॅडो टीचर, म्हणजे वर्गात तिच्याबरोबर राहणारी वेगळी बाई, आम्ही ठेवायची, महिना बारा हजार, फीशिवाय. ती कशासाठी? "तिच्यावर लक्ष ठेवायला." अभ्यासात मदत लागेल की चालताना, यावर उत्तर नाही. शिवाय एक प्रतिज्ञापत्र: शाळेत पडली, लागलं, तर जबाबदारी पालकांची. मी विचारलं, "हे सगळ्यांकडून लिहून घेता का?" नाही म्हणाले. माझा थोरला तिसरीत असताना शाळेच्या जिन्यावरून पडला, पुढचा दात अर्धा तुटला. तेव्हा कोणी प्रतिज्ञापत्र काढलं नव्हतं. मुलं पडतात. आमची जास्त पडते, आणि पडायचं कसं हे तिला शिकवलेलं आहे. फिजिओथेरपिस्टने सहा महिने गादीवर तोच सराव घेतला.

अकरावी शाळा मराठी माध्यमाची, जुनी, शहाबादी फरशीची, पत्र्याच्या शेडमध्ये सायकली. नाव सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही पुढच्या पालकाला म्हणाल, "त्या अमक्या शाळेत जा, तिथे सोय आहे," आणि तिच्या एकेका वर्गात अशी दहा-दहा मुलं जमतील. चांगल्या शाळेला शिक्षा करायची ही पद्धत मी दोन ठिकाणी पाहिली आहे.

तिथले मुख्याध्यापक निवृत्तीला आलेले. त्यांनी धाकटीला विचारलं, "काय गं, शाळेत तुला काय काय लागेल?" ती म्हणाली, "डबा." ते हसले नाहीत. पाठकोरा कागद घेतला, लिहिलं: डबा. "अजून?" मग आम्ही तिघं सांगत गेलो, ते लिहीत गेले. वर्ग तळमजल्यावर. त्यांनी पहिली अ आणि चित्रकलेची खोली यांची अदलाबदल केली, एका शनिवारी, मुलांनीच बाकं उचलली. बाकाखाली पाय टेकायला काहीतरी. हे फार कमी लोकांना माहीत असतं: पाय लोंबकळत असले की अंग डळमळतं, मग हात टेबल धरण्यात अडकतो आणि अक्षर वाकडं येतं. पाय टेकले की हात मोकळे. मी दुकानातल्या उरलेल्या प्लायवूडची पेटी करून दिली, चार इंच उंच, वर रबर. आठवड्यात तिची बाराखडी ओळीवर आली. पुस्तकांचा एक संच शाळेतच ठेवायचा, कारण वॉकर धरलेल्या माणसाच्या पाठीवर दप्तर चालत नाही. घंटेच्या पाच मिनिटं आधी तिला सोडायचं, लोंढा येण्याआधी. स्वच्छतागृहात बार. यादीत अकरा गोष्टी झाल्या. त्यातल्या चारच गोष्टींना पैसे लागले.

सगळ्यात अवघड गोष्ट त्यांनी स्वतः काढली. "तिला बाथरूमला कोण नेणार?" नऊ शाळांत या प्रश्नाला बगल दिली गेली होती. त्यांनी शाळेच्या मावशींना बोलावलं, आमच्यासमोर विचारलं. मावशी म्हणाल्या, "नेईन की. पण उचलायचं कसं ते दावा, माझी कंबर गेली तर?" किती रास्त! दुसऱ्या आठवड्यात आमच्या फिजिओथेरपिस्ट ताई येऊन दाखवून गेल्या: उचलायचं नाहीच, पुढे उभं राहून कोपराला आधार द्यायचा, उठेल ती तिची तिची. मावशींना या कामाचे शाळेने महिन्याला वेगळे पैसे ठरवले. आम्ही देऊ केले होते. सर म्हणाले, "तुम्ही दिले तर ती तुमची माणूस होईल. मला ती शाळेची हवी."

घरची तयारी आमची होती, ती तुमच्यावर टाकत नाही. मार्चपासून आम्ही घरी शाळा-शाळा खेळलो. चाळीस मिनिटं खुर्चीवर. डब्याचं झाकण स्वतः उघडायचं. चार डबे झाले, शेवटी क्लिपचा जमला. चेन काढून चड्डीला इलॅस्टिक, बुटांना वेल्क्रो. मे महिन्यात दर रविवारी रिकाम्या शाळेत जाऊन फाटक ते वर्ग, वर्ग ते बाथरूम चालायचं, वाटेत कुठे टेकायला भिंत आहे ते पाठ करायचं. शिपाईदादांनी त्यासाठी सुट्टीत फाटक उघडलं. माझ्या आईने तिला एकच शिकवलं: कोणी हात धरून ओढलं तर मोठ्याने "थांब" म्हणायचं. जूनमध्ये पाऊस लागला आणि आमचं सगळं गणित चुकलं. ओल्या शहाबादीवर वॉकरची रबरं सटकत होती. पहिल्याच आठवड्यात दोनदा पडली. मी हार्डवेअरवाला, आणि हे माझ्या लक्षात येऊ नये! मग खाचांची रबरं आणली, दीड महिन्याला बदलतो, आणि सरांनी व्हरांड्यात काथ्याची पट्टी टाकली.

पहिल्या दिवशी मुलांनी विचारलंच, "ही अशी का चालते?" बाईंनी तिलाच उत्तर देऊ दिलं. ती म्हणाली, "माझ्या मेंदूचा निरोप पायांना उशिरा पोचतो." एक जण म्हणाला, "आमच्याकडे पण नेट स्लो आहे." विषय संपला. तुम्हाला भीती असते की बाकीचे पालक तक्रार करतील. दोघांनी केली, सरांनी चहा पाजून परत पाठवलं.

सगळं गोडच झालं असं नाही. क्रीडामहोत्सवात तिला मुलांच्या दप्तरांपाशी बसवलं, राखण करायला. बाईंच्या मनात वाईट नव्हतं, सुचलं नाही. घरी येऊन जेवली नाही. मी जाऊन बोललो. यंदा तिच्याकडे शिट्टी होती, शर्यत सुरू करायची. तिने दोनदा मुद्दाम आधी वाजवली.

तुमच्या बाजूचंही मला दिसतं. एका वर्गात पन्नास-पन्नास मुलं, त्यात निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, माहिती भरा, फोटो टाका. बाईंनी कुठे कुठे बघायचं? पण विशेष शिक्षक मागायला तुम्हाला कोणी अडवलं आहे? सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली प्रमाण सांगून ठेवलं आहे: प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढच्या वर्गांना पंधरांमागे एक. शिक्षण आयुक्तालय याच शहरात, दिव्यांग कल्याण आयुक्तालय याच शहरात, बालभारती सेनापती बापट रस्त्यावर, शिक्षकांची प्रशिक्षणं ठरवणारी एससीईआरटीही इथलीच. तुमच्यापैकी वीस संस्था एका मागणीसाठी एकत्र गेल्या तर रिक्षाचं भाडंसुद्धा फार होणार नाही. फीवाढीसाठी जाताच की. भोर-मुळशीच्या पालकाने कोणाकडे बघायचं?

माझं मागणं मोठं नाही. तुमच्या प्रवेश अर्जात एक रकाना असतो, "काही व्यंग असल्यास". तो काढा. त्या जागी लिहा, "आपल्या मुलाला शाळेत काय काय लागेल?" हा रकाना सगळ्यांसाठी ठेवा, कोणाला चष्म्यामुळे पुढचा बाक लागेल, कोणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल, आमच्याला बार लागेल. पालक समोर बसलेले असताना तो रकाना त्यांच्याबरोबर वाचा, मुलाला विचारून वाचा. आणि एवढं करूनही नाहीच म्हणायचं असेल तर लेखी द्या, कारणासकट, शिक्का मारून. नऊपैकी एकाही शाळेने मला कागद दिला नाही. तोंडी "नाही" ऐकून घरी गेलेला पालक कुठल्याही आकडेवारीत येत नाही, आणि मग बैठकांमध्ये तुम्ही म्हणता, "आमच्याकडे अशी मुलं येतच नाहीत."

माझ्या बाजूने सांगतो. सोमवारी माझं दुकान बंद असतं आणि तुमच्या शाळा चालू असतात. जी शाळा बोलावेल तिथे मी येईन, दारं, उंबरे, रॅम्प, स्वच्छतागृह मोजून कागदावर लिहून देईन. पैसे नकोत. माल माझ्याच दुकानातून घ्या असंही म्हणणार नाही. लक्ष्मी रस्त्यापासून कात्रजपर्यंत कुठेही मिळतो.

थोरल्याच्या शाळेतल्या मॅडमसाठी एक ओळ. त्या दिवशी मी दुकानात परत येऊन, तुम्ही विचार बदललात तर हाताशी असावा म्हणून, एक दीड फुटी बार बाजूला काढून ठेवला होता. अजून तिसऱ्या खुंटीला टांगलेला आहे. थोरला अजून चार वर्षं तुमच्याकडे आहे. या अवधीत दुसरं कोणाचं मूल आलं तर निरोप पाठवा, त्याच्याच हाती देतो.

कळावे,

आपला,
एक पालक
सिंहगड रस्ता, पुणे

ता. क. बार लावताना उंची मोठ्या माणसाच्या मापाने धरू नका. त्या मुलाला कमोडवर बसवा, हात सहज जिथे पोचतो तिथे पेन्सिलने खूण करा, मगच ड्रिल. आणि नुसत्या टाइलमध्ये फास्टनर ठोकू नका, तो विटेत गेला पाहिजे. बसवल्यावर आधी तुम्ही स्वतः दोन्ही हातांनी लटकून बघा.